माळीण की मालीम

सर मला कधी नावानं हाक मारत नसत. मी विज्ञान शिकवायला आले होते, म्हणून मी ‘विज्ञान’. “अहो विज्ञान, जरा इकडं या.” हेडमास्तरांना ते ‘कार्यालय’ म्हणत, आणि स्वतःला ‘भूगोल’. एकदा त्यांची चिठ्ठी आली, “भूगोलाला ताप आहे. सातवीचा तास विज्ञानानं घ्यावा.” मी नवीन होते. ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि तरीही हेडमास्तरांना जाऊन विचारलं, म्हणजे नेमकं काय करायचं?

शाळा औश्यापासून दोन कोस आत होती. माझी पहिलीच नोकरी, घर नांदेडला. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती, आणि त्याच्या आदल्या वर्षीही तो जेमतेमच झाला होता. लातूर नुकताच उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला होता. शाळेच्या जुन्या कागदांवर ‘उस्मानाबाद’ खोडून वर ‘लातूर’चा शिक्का मारायचं काम शिपाई आठवडाभर करत होता. कुठला अर्ज कुठं पाठवायचा हे कुणालाच धड माहीत नव्हतं. सर म्हणाले, “काल उस्मानाबाद जिल्ह्यात झोपलो, आज लातूर जिल्ह्यात उठलो. बाज मात्र जागची हलली नाही. मग सांगा विज्ञान, हललं काय?”

सरांचे बहुतेक प्रश्न असेच असत.

पन्नाशी उलटलेला, काटकुळा, एकटा माणूस. पांढरा पायजमा, खिशात खडू. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण समुद्र शिकवायचे असे की पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत. निळ्या खडूची एक पेटी त्यांनी कुलुपात ठेवली होती. तो खडू फक्त समुद्रासाठी. नद्या पांढऱ्या खडूनं. “नद्यांचं काय, त्या तशाही कोरड्याच,” असं म्हणत.

आणि त्यांना नाद होता खलाशांच्या गाण्यांचा. जहाजावर शीड चढवताना, नांगर ओढून घेताना खलाशी जी गाणी म्हणत, ती. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी हुंकार द्यायचा आणि त्या हुंकाराला दोर ओढायचा. अशी गाणी सगळ्या दर्यांवर आहेत, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांचं म्हणणं असं की खलाशी म्हातारा झाला की जमिनीवर येतो, पोटासाठी मिळेल ते काम धरतो, आणि त्याचं गाणंही त्याच्याबरोबर आत आत येतं. “शब्द कुठं जहाजानं जातो? शब्द पायी चालतो,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हा नाद कशानं लागला, हे मी तीनदा विचारलं. एकदा म्हणाले, लहानपणी रेल्वेचे रूळ ओढणारे खलाशी पाहिले होते. एकदा म्हणाले, स्वप्न पडलं. तिसऱ्यांदा म्हणाले, “कुणीतरी करायला नको का?” तिन्ही वेळा चेहरा तितकाच गंभीर.

कोकणातल्या एका बंदराच्या कचेरीला त्यांनी पत्र लिहिलं होतं, आपल्याकडील खलाशांच्या गीतांची माहिती कळवावी. चार महिन्यांनी उत्तर आलं. त्यात भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक होतं, दुसरं काही नाही. सरांनी ते वर्गात भिंतीला चिकटवलं. भर उन्हात, गावात टँकरची वाट बघत घागरींची रांग लागलेली असायची, आणि सर खिडकीशी उभं राहून सांगायचे, “पोरांनो, आत्ता तिकडं भरती आहे बरं का.” पोरं खिडकीतून बाहेर बघायची. मीही एकदा बघितलं.

मी सुट्टीत नांदेडला निघाले की मला काम ठरलेलं. “गोदावरीच्या घाटावर नावाडी असतात. त्यांना विचारा, ओढायचं गाणं म्हणता का.” मला लाज वाटे, पण एकदा गेले. नदीत पाणी घोट्याएवढं. एक म्हातारा नाव उलटी करून तिच्या सावलीत बसला होता. मी विचारलं, “बाबा, तुम्ही नाव ओढताना गाणं म्हणता का हो?”

तो म्हणाला, “न्हाई बाई. आमी बिडी पितो.”

सरांना हे सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, ‘नांदेड : बिडी.’

त्याच उन्हाळ्यात शाळेच्या आवारातली विहीर खोल करायचं दुष्काळी काम निघालं. धर्माबादकडून एक टोळी आली. मुकादम पोशट्टी, चाळिशीचा, काळाभोर, आवाज असा की आमच्या वर्गांत तास घेणं मुश्कील व्हायचं. त्याची बायको लचमव्वा विहिरीत उतरून दगड भरायची. दोघांचं पाल विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. बोलणं मराठी, पण मधूनच तेलगूत घुसायचं.

काम असं चाले. खाली लोखंडी डोलात दगड भरायचे. डोलाचा दोर विहिरीवर उभारलेल्या गराडीच्या चाकावरून बाहेर आलेला. आठ माणसं तो दोर धरून मागं मागं चालत जायची. पोशट्टी विहिरीच्या काठावर उभा राहून ओळ टाकायचा, आठजण हुंकार द्यायचे आणि एका ओळीला चार पावलं मागं सरायचे. डोल काठाशी आला की पोशट्टी त्याला हात घालून बाजूला ओढून घ्यायचा.

पहिल्या दिवशी सर सातवीला समुद्रावरचे वारे शिकवत होते. बाहेरून आवाज आला,

“उचल नांगर — हैलेस्सा!
मामा निघाला — हैलेस्सा!
काळी घोडी — हैलेस्सा!
वाऱ्यानं गेली — हैलेस्सा!
माळीण झोपली — हैलेस्सा!
बंदर इसरली — हैलेस्सा!”

सरांच्या हातातला खडू पडला. निळा होता तरी त्यांनी तो उचलला नाही. तसेच बाहेर गेले.

संध्याकाळी ते माझ्यापुढं वही आपटून म्हणाले, “विज्ञान, नांगर म्हणजे काय?”

“नांगर म्हणजे… शेतातला.”

“आणि जहाजाचा?”

“तोही नांगरच.”

“उचल नांगर. शेतातला नांगर कुणी उचलतं का? धरतात, जुंपतात. उचलतात तो जहाजाचा. काळी घोडी वाऱ्यानं गेली, हे गलबत नाही तर काय? आणि बंदर म्हणजे?”

“माकड,” मी म्हणाले. आमच्याकडं सगळे तसंच म्हणतात.

“माळीण झोपली आणि माकड विसरली? माळणीकडं माकड कशाला असेल?”

हे मला पटलं. खरंच, कशाला असेल?

तीन दिवस त्यांनी एक जुना कोश चाळला. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत उभं राहून जाहीर केलं, “माळीण नाही. मालीम! मालीम म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा. मालीम झोपला, बंदर विसरला. हे खलाशाचं गाणं आहे, आणि ते आपल्या विहिरीवर आलेलं आहे.”

हेडमास्तर निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. चहाची बशी खाली ठेवून ते म्हणाले, “मालीम काय लावलंय? तो शब्द मुअल्लिम. मुअल्लिम म्हणजे मास्तर. मास्तर झोपला. हे गाणं तुमच्यावर आहे!”

सगळे हसले. सरही हसले. मी खोलीवर जाऊन बराच वेळ विचार करत होते की तिघांतलं खरं कोणतं. माळीण म्हणावं तर माकडाचा उलगडा होत नव्हता. मालीम म्हणावं तर मामा कोण? आणि मास्तर म्हणावं तर काळी घोडी कुणाची?

सरांनी पोशट्टीला गाठलं. मी बरोबर होते.

“पोशट्टी, हे गाणं कुणाचं?”

“माज्या आज्जाचं, सर.”

“आजा कुठला?”

“म्हाईत न्हाई. पान्याकडनं आल्ता म्हनतेत.”

“पाण्याकडनं म्हणजे? समुद्राकडनं?”

“पान्याकडनं सर. आता कोन्तं पानी, कुनाला ठाव?”

एका रविवारी सर धर्माबादला जाऊन पोशट्टीच्या चुलत्याला भेटून आले. चुलता ठार बहिरा होता. त्यानं प्रश्नाला तीन वेगवेगळी उत्तरं दिली, त्यातलं एक पावसाबद्दल होतं. तरी सर खूश होऊन आले. ‘पाण्याकडून’ हा शब्द त्यांनी वहीत मोठ्या अक्षरात लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पण गाण्यात त्यांना एक गोष्ट खटकत होती. नांगर उचलला, घोडी वाऱ्यानं गेली, आणि लगेच मालीम झोपला? मध्ये काहीतरी हवं. शीड कुठाय? दर्या कुठाय? त्यांनी पोशट्टीला विचारलं, “घोडीनंतर आणखी ओळी होत्या का रे?”

पोशट्टी म्हणाला, “हाव. घोडीच्या म्होरली जागा खाली हाय, सर.”

सरांनी माझ्याकडं विजयानं पाहिलं. खाली हाय! जागा रिकामी आहे! आमच्याकडं रिकाम्या घागरीलाही खालीच म्हणतात, त्यामुळं मलाही दुसरं काही वाटलं नाही. ओळी हरवल्या आणि जागा खाली राहिली. सरांनी जन्मभर पोरांना ‘गाळलेल्या जागा भरा’ हा प्रश्न घातलेला. रात्रीतून त्यांनी जागा भरली, “शीड फुगलं — हैलेस्सा! दर्या डोलला — हैलेस्सा!”

ते ऐकून पोशट्टीनं मान हलवली. “न्हाई सर. लांबलं की वांदा होतंय.”

“दोनच ओळी आहेत. पाठ होतील.”

“पाठ व्हायचं न्हवं, सर…” तो घुटमळला. मग म्हणाला, “तुमी तुमचं म्हना. आमी आमचं म्हनतो.”

मला आजही वाटतं, त्या क्षणी मी नुसतं “का?” असं विचारलं असतं तरी पुरे होतं. मी विज्ञानाची शिक्षिका. का, हे विचारणं हाच माझा धंदा.

नव्या जिल्ह्याचे मोठे साहेब दुष्काळी कामं बघत फिरत होते. आमच्या विहिरीवरही येणार, असा निरोप आला. हेडमास्तरांनी रांगोळी काढायला सांगितली. सरांनी मला गाठलं. “विज्ञान, पोरांना गाणं बसवा. ऐंशी पोरं, विहिरीच्या दोन्ही अंगांना. वर पोशट्टी म्हणेल, बाजूनं पोरंही ओळी म्हणतील. शुद्ध पाठ. साहेबांना कळू दे, ह्या कोरड्या जिल्ह्यात काय येऊन पडलंय ते.”

मी आठ दिवस बसवलं. पोरांना भलतंच आवडलं. ती हैलेस्सा म्हणत शाळेत यायची आणि हैलेस्सा म्हणत घरी जायची.

जीप आली. साहेब उतरले. मी मुलांच्या पुढं उभी राहिले आणि हात वर केला. पोशट्टीनं आमच्याकडं एकदा पाहिलं आणि ओळ टाकली, “उचल नांगर!” माझा हात खाली आला. आठ माणसं आणि ऐंशी पोरं एकदम, “हैलेस्सा!” साहेबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. सर चवड्यांवर उभे राहिले होते.

घोडीपर्यंत सगळं एक होतं. मग पोशट्टी म्हणाला, “माळीण झोपली,” आणि पोरं ओरडली, “शीड फुगलं!” तो म्हणाला, “बंदर इसरली.” पोरं ओरडली, “दर्या डोलला!” हुंकार मात्र दोन्हीकडं एकच. पोशट्टीचं गाणं संपलं. डोल काठाला आला. त्यानं वाकून डोलाच्या कडीला हात घातला.

पोरांच्या दोन ओळी राहिल्या होत्या. माझा हात हलत होता. “मालीम झोपला — हैलेस्सा!”

दोरावरच्या माणसांनी विचार केला नाही. तो हुंकार कानावर पडला की पाय मागं सरायचे, ही वर्षांची सवय. त्यांनी चार पावलं ओढलं. डोल वर गेला, पोशट्टीचा हात कडीत, आणि कडी गराडीच्या लाकडावर जाऊन आदळली.

खाली विहिरीतून लचमव्वा तेलगूत काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा. पोरांनी शेवटची ओळसुद्धा म्हटली. मी हात थांबवला नव्हता.

साहेबांच्या जीपमधूनच पोशट्टीला लातूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

हेडमास्तरांना अहवाल लिहायचा होता. ‘अपघाताचे कारण’ या रकान्यापाशी ते थांबले. सर समोर बसले होते. म्हणाले, “लिहा, मास्तर झोपला होता.”

“असं कसं लिहू?”

“लिहा. मी सही करतो.”

हेडमास्तरांनी लिहिलं, ‘दोर घसरल्यामुळे.’ सरांनी तो कागद ओढून घेतला, खोडला, आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘भूगोल शिक्षकाने गाणे बदलल्यामुळे.’ तो कागद पुढं उस्मानाबादला गेला की लातूरला, कुणास ठाऊक. त्यावर कधीच काही विचारणा आली नाही. सरांना शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. त्यांनाही वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी सरांनी रजेचा अर्ज दिला. कारण : दोर ओढणे. आणि ते खरंच विहिरीवर गेले. टोळीतल्या एकाला पोशट्टीच्या जागी काठावर उभं राहावं लागत होतं, त्यामुळं दोरावर माणूस कमी होता. सरांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि दोराच्या शेवटच्या टोकाला उभे राहिले.

गावात हसं झालं. पोरं वर्गातून माना काढून बघायची. पहिल्याच दिवशी सरांच्या तळहातांची सालटी निघाली. मी हळद घेऊन गेले तर म्हणाले, “विज्ञान, वर्गात जा.” त्यांनी मला दोष दिला नाही. मी त्यांना दिला नाही. दोघांनाही माहीत होतं, हात कुणाचा हलत होता.

गाणं मात्र बंद झालं होतं. कुणाच्या तोंडून निघेना. गाण्याविना आठ माणसं आठ दिशांना ओढायची, डोल झोके खायचा, दगड सुटून खाली पडायचे. दिवसाला निम्मं कामही होईना.

चौथ्या दिवशी लचमव्वा लातूरहून परत आली. नवऱ्याजवळ बहिणीला बसवून आली होती. पालात गाठोडं टाकलं, पदर खोचला आणि सरळ काठावर जाऊन उभी राहिली. काठावरच्या माणसाला म्हणाली, “तू खाली उतर. मी सांगते.”

तिनं दोरावरच्या रांगेकडं पाहिलं. शेवटी सर दिसले. मला वाटलं आता ही काय बोलते.

“सारू,” ती म्हणाली, “पाय जरा फाकवून उभं ऱ्हावा. न्हाई तर पडताल.”

आणि तिनं ओळ टाकली. आवाज नवऱ्यासारखा मोठा नव्हता, पण ठाम होता. उचल नांगर. पहिल्या हुंकाराला कुणाचाच आवाज नीट निघाला नाही. दुसऱ्याला निघाला. मी व्हरांड्यातून बघत होते. सर मान खाली घालून ‘हैलेस्सा’ म्हणत होते आणि चार पावलं मागं सरत होते. ‘माळीण झोपली’ असं लचमव्वा म्हणाली, तेव्हाही ते तितक्याच जोरात म्हणाले.

विहीर खोल जात राहिली. दहा-बारा दिवसांनी एका दुपारी लचमव्वानं हात वर करून दोर थांबवला. “आता गानं पुरंना गेलंय,” ती म्हणाली. “खालची ओळ घ्यावी लागंल.”

सरांनी मान वर केली. “खालची ओळ म्हणजे?”

“खालची. घोडीच्या म्होरली. विहीर खाली गेली की येती ती. वर असताना म्हनायची न्हाई, डोल धडकतो.” मग तिला काहीतरी उमगलं. “त्येनी सांगितलं न्हवतं का तुमाला? जागा खाली हाय म्हनून?”

सरांनी दोर दोन्ही हातांनी धरून ठेवला.

गाणं विहिरीइतकं लांब असतं. विहीर खोल झाली की मध्ये एक जोडी घालायची; शेवटची जोडी आली की डोल काठाला आलाच. ओळी हरवल्या नव्हत्या. त्या खाली होत्या, खाली.

लचमव्वानं नवी जोडी टाकली,

“दिवा दिसला — हैलेस्सा!
कुनाचा हाय — हैलेस्सा!”

दिवा. मी व्हरांड्यात उभी होते. माझ्या मनात लगेच आलं, बंदरावरचा दिवा तर नव्हे? की विहिरीच्या तळातून वर बघणाऱ्याला दिसतो तो उजेड? सरांच्याही मनात आलं असणार. पण त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी वहीत काही लिहिलंही नाही.

महिन्याभरानं पोशट्टी आला. हाताला पट्टी, अंग उतरलेलं. शाळा सुटल्यावर सर त्याच्या पालात गेले, मला बरोबर घेऊन. आत जाऊन सरांनी हात जोडले. पोशट्टी गडबडून उठला.

“असं करू नका सर. बसा.”

“मी गाणं बिघडवलं. माळीणच बरोबर. मालीम-बिलीम काही नाही, माझ्या डोक्यातलं होतं.”

पोशट्टीचा चेहरा पडला. मला वाटलं हात दुखतोय.

“न्हाई सर,” तो हळू म्हणाला. “दवाखान्यात पडून पडून मी त्येचाच इचार करून राहिलो. माजा आज्जा माळनीचं गानं कशाला म्हनंल? तुमी सांगितल्यापास्नं त्यो सपनात येतोय. मोठ्या होडीत बसून. जिंदगीभर लोक आमाला इचारतेत, तुमी कुठले. काय सांगावं? पयल्यांदा कुनी सांगितलं, तुमी दर्यावरचे.”

“पण ते खरं आहे की नाही, मला ठाऊक नाही, पोशट्टी.”

“मंग खोटं हाय, हे तरी कशावरून?”

सर उठले. जन्मभर भल्याभल्यांना प्रश्न घालून गप्प करणारा माणूस. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “विज्ञान, आता मी काय करू?”

त्यानंतर विहिरीवर गंमतच झाली. पोशट्टी काठावर परतला आणि ‘मालीम झोपला’ म्हणू लागला. दोराच्या टोकाला सर हट्टानं ‘माळीण’ पुटपुटत. लचमव्वा खालून दोघांनाही शिव्या द्यायची. पण हुंकार एक होता, ओळींची संख्या एक होती, त्यामुळं डोल नीट वर येत होता. विहिरीला पाणीही लागलं. फार नाही, पोरांना प्यायला पुरेल इतकं.

पोशट्टीच्या हाताला अधूनमधून लातूरला दाखवायचं होतं, म्हणून टोळी गेली तरी हे दोघं दिवाळीपर्यंत राहिले. दिवाळीच्या सुट्टीत सर आणि पोशट्टी लातूरहून कोकणात जाणाऱ्या एसटीत बसले. समुद्र दोघांनीही पाहिला नव्हता. कुणी कुणाला नेलं, हेही नीट कळलं नाही. सर म्हणाले, पोशट्टीनं हट्ट धरला. पोशट्टी म्हणाला, सरांनी.

मी नांदेडहून परतले तोवर ते आले होते. सरांना विचारलं, “काय झालं?”

“एक म्हातारा खलाशी भेटला. वाळूवर जाळं विणत होता. पोशट्टीनं अख्खं गाणं म्हणून दाखवलं. म्हातारा म्हणाला, हे आमचं नव्हे. दुष्काळ पडला की घाटावरची माणसं खाली उतरायची, गलबतावर मजुरी करायची, ती असलं म्हणायची. हे तुमचंच.”

मग पोशट्टीला विचारलं. तो म्हणाला, “म्हाताऱ्यानं माजा हा हात धरला, बाई. म्हनला, हे आमच्या आज्ज्याचं गानं. तू आमचाच हायेस.”

दोघं एकाच माणसाशी, एकाच वेळी, शेजारी शेजारी बसून बोलले होते. मी पुन्हा एकेकाला वेगळं गाठून विचारलं. दोघांनीही आपलं सांगणं तसूभर बदललं नाही. दोघंही खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. मी अजूनही कधी कधी ते मनात मांडून बघते, आणि ते जुळत नाही.

पोशट्टीनं बायकोसाठी बाटलीभर समुद्र आणला होता. पालासमोर आम्ही बसलो असताना त्यानं ती बाटली लचमव्वाच्या हातात दिली. तिनं बाटली उन्हाकडं धरून पाहिली.

“केवढं हाय तिथं?”

“लई. नजर पोचत न्हाई, लचमी. जिकडं बघावं तिकडं पानीच.”

तिनं घोट घेतला आणि लगेच थुंकून टाकला. एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा सरांकडं.

“अय्यो. एवढं पानी, अन् पिता येत न्हाई?”

दोघंही एखादा गुन्हा पकडला जावा तसे बसून राहिले.

“टाकून दे,” पोशट्टी म्हणाला.

“टाकू कशाला? पानी कुनी टाकतं व्हय?” तिनं चुलीवर तवा ठेवला आणि बाटली त्यात ओतली. आम्ही चौघं बघत बसलो. पाणी आटायला बराच वेळ लागला. तळाशी पांढरा थर राहिला, चार चिमट्यांएवढा. तिनं तो उलथन्यानं खरवडला, पाट्यावर मिरच्या आणि लसूण घेतला, आणि त्यात घातला.

भाकरीवर ठेचा घेऊन सरांनी घास तोंडात घातला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मिरचीनं आलं असेल.

“कसा झालाय, सारू?” लचमव्वानं विचारलं.

सरांनी घास गिळला.

“मीठ जास्त आहे,” ते म्हणाले, आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.